खांब महावितरणचा, रस्ता झेडपीचा. मग फायबर टांगायची परवानगी कुणाची?

तोंडी होकारावर टाकलेली केबल एका दुपारी खाली येऊ शकते. अर्ज कुणी करायचा, कुठे करायचा, किती दिवसांत उत्तर मिळायला हवं आणि खांबावर चढण्याआधी काय पाहायचं, याची सविस्तर माहिती.

ग्रामीण तालुक्यांत आता वाडी-वस्तीपर्यंत फायबरचं इंटरनेट पोहोचू लागलं आहे. भारतनेटसारख्या योजनेतून फायबर ग्रामपंचायतीच्या इमारतीपर्यंत येते. तिथून पुढे घर, शाळा, दुकान, दूध डेअरी गाठायची तर सोपा मार्ग एकच दिसतो, तो म्हणजे विजेचा खांब. जमीन खोदायची तर रस्ता फोडण्याची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च आला. स्वतःचे खांब उभारायचे तर खर्च आणखी वाढतो. त्यामुळे रस्त्याकडेला आयता उभा असलेला खांब सोयीचा वाटतो, आणि केबल त्यावर चढते.

अनेक गावांत हे काम शब्दावर होतं. वायरमन ओळखीचा असतो, सरपंचांची हरकत नसते, 'टाका हो, बघू नंतर' असं कुणीतरी म्हणतं. कागद मात्र कुणाकडेच नसतो. पुढे खांब बदलायची वेळ आली, उसाच्या ट्रॉलीत केबल अडकली किंवा अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, ही केबल कुणाची आणि परवानगी कुणी दिली? उत्तर नसेल तर केबल कापली जाते. त्या दिवसापासून सेवा केंद्रातले दाखले, बँकेचं ग्राहक केंद्र, पोरांचा ऑनलाइन अभ्यास सगळंच अडतं.

हैदराबादेत काय घडलं

ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबादच्या रामंतापूर भागात गोकुळाष्टमीच्या मिरवणुकीतील रथाला विजेचा प्रवाह लागून पाच जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथल्या वीज कंपनीने खांबांवरच्या केबल मोठ्या प्रमाणावर कापायला सुरुवात केली. टीव्हीच्या केबलबरोबर इंटरनेटची फायबरही गेली आणि अनेक वस्त्यांत सेवा बंद पडली. प्रकरण तेलंगणा उच्च न्यायालयात गेलं. तिथेही वादाचा गाभा हाच होता की कोणत्या केबलला परवानगी आहे आणि कोणत्या केबलला नाही.

आपल्याकडे गणेश विसर्जन, देवीची मिरवणूक, यात्रेतला छबिना याच तारांखालून जातो. ऊस तोडणीचं यंत्र, कडब्याने भरलेली गाडी, बोअर मारणारी गाडी हीसुद्धा याच रस्त्यावरून फिरते. त्यामुळे हा प्रश्न फक्त शहराचा म्हणता येणार नाही.

पहिला प्रश्न : खांब कुणाचा?

अर्ज कुठे करायचा हे खांबाच्या मालकावर ठरतं. गावात साधारण चार प्रकारचे खांब दिसतात.

एक, महावितरणचे लघुदाब खांब. घरगुती वीज यांवरून जाते आणि फायबरचा विचार प्रामुख्याने याच खांबांवर होतो.

दोन, महावितरणचे ११ किंवा ३३ केव्हीचे उच्चदाब खांब. इथे धोका कितीतरी पटींनी जास्त असल्याने लघुदाब खांबाची परवानगी या खांबांना लागू होते असं समजू नये. अर्जात हे खांब वेगळे दाखवावेत.

तीन, पथदिव्यांचे खांब. इथे बऱ्याचदा गोंधळ होतो. गावात बहुतेक ठिकाणी दिवा ग्रामपंचायतीचा असतो, पण तो ज्या खांबावर बसवलेला असतो तो महावितरणचा असतो. अशा खांबाला ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र पुरेसं नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या निधीतून स्वतंत्र खांब उभारले असतील तरच त्यांची परवानगी ती देऊ शकते.

चार, जुने टेलिफोनचे खांब. वापरात नसले तरी ते बेवारस नसतात. मालकी दूरसंचार कंपनीकडेच असते.

महापारेषणचे मोठे मनोरे या चर्चेत येतच नाहीत. त्यांच्या शेंड्यावरच्या तारेत कंपनीची स्वतःची फायबर असू शकते, पण स्थानिक केबल तिथे टांगण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

अर्ज कोण करू शकतो?

मार्गाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरून किंवा खांबावरून दूरसंचाराची तार नेण्याचा हक्क, सरसकट कुणालाही मिळत नाही. त्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना, नोंदणी किंवा अधिकारपत्र लागतं. इंटरनेट सेवेचे परवाने तीन गटांत दिले गेले आहेत. अ गट देशभरासाठी, ब गट एका दूरसंचार मंडळासाठी आणि क गट साधारण एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी.

गावात प्रत्यक्ष काम करणारा मुलगा बऱ्याचदा मोठ्या कंपनीचा फ्रँचायझी किंवा भागीदार असतो. त्याच्या स्वतःच्या नावावर परवाना नसतो. अशा वेळी अर्ज परवानाधारक कंपनीच्या नावाने जायला हवा आणि स्थानिक चालकाकडे कंपनीचं अधिकारपत्र हवं. इथे चूक झाली तर पुढचे सगळे कागद फुकट जातात.

केबल टीव्ही चालकांचा कायदा वेगळा आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा, १९९५ मधील कलम ४ ब नुसार नोंदणीकृत केबल चालकालाही सार्वजनिक प्राधिकरणाच्या परवानगीने तार टाकता येते. मात्र टीव्हीच्या नोंदणीवर इंटरनेट विकता येत नाही. दोन्ही सेवा एकाच तारेतून द्यायच्या असतील तर दोन्हीकडची कागदपत्रं लागतात.

कायदा काय सांगतो?

पूर्वी हा विषय १८८५ च्या तार कायद्याखाली यायचा आणि २०१६ पासून त्याला मार्गाधिकाराचे स्वतंत्र नियम होते. आता दूरसंचार कायदा, २०२३ लागू झाला असून त्याखालील मार्गाधिकार नियम, २०२४ हे १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले आहेत. त्यातले गावाच्या कामाचे मुद्दे असे :

• 'सार्वजनिक संस्था' या शब्दात केंद्र व राज्य सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था आणि सरकारी कंपन्याही येतात. म्हणजे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि महावितरण हे सगळे त्यात आले.

• अर्ज आल्यावर ठराविक मुदतीत निर्णय द्यावा लागतो. नव्या नियमांत ही कमाल मर्यादा ६७ दिवसांची आहे. तोपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी दिली असं मानलं जातं.

• नकार द्यायचा तर कारण लेखी नोंदवावं लागतं. 'साहेब नाही म्हणाले' हे कारण होत नाही.

• परवानगी शक्यतो भेदभाव न करता द्यायची आहे, आणि ती एकट्याची मक्तेदारी ठरत नाही. एका कंपनीला खांब दिला म्हणून दुसरीला दार बंद, असं करता येत नाही.

• मार्गाधिकाराच्या वादात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. भरपाईच्या रकमेचा वाद जिल्हा न्यायाधीशांसमोर जातो.

अर्ज ऑनलाइन करायचा असतो. त्यासाठी केंद्राचं गतिशक्ती संचार पोर्टल १४ मे २०२२ ला सुरू झालं. अर्ज पोर्टलवर केला की त्याला तारीख आणि क्रमांक मिळतो. मुदत मोजायला हाच पुरावा कामाला येतो. आवक-जावक विभागात दिलेल्या साध्या कागदाची तारीख सिद्ध करताना पुढे दमछाक होते.

६७ दिवस उलटले म्हणून थेट खांबावर चढावं, असा मात्र याचा अर्थ नाही. कागदावरची परवानगी वेगळी आणि चालू वीजवाहिनीजवळ काम करण्याची मुभा वेगळी.

'परमिट' शब्दाचे दोन अर्थ

वायरमनच्या बोलीत 'परमिट घेतलं का?' याचा अर्थ 'लाइन बंद करून घेतली का?' असा होतो. वाहिनी बंद करण्याची रीतसर मागणी होते, उपकेंद्रातून ती बंद केल्याची खातरजमा होते, तारेला अर्थिंग केलं जातं आणि मगच माणूस वर चढतो. काम संपलं की परमिट परत केलं जातं, तेव्हाच वीज चालू होते.

फायबरचं काम करणाऱ्या मुलांचा इथेच घात होतो. मार्गाधिकाराची परवानगी खिशात असली तरी त्या दिवसाचं परमिट त्यांना स्वतः घेता येत नाही. ते महावितरणच्या अधिकृत कर्मचाऱ्याच्या नावावरच निघतं. म्हणून खांबावरचं काम शाखा कार्यालयाला आधी कळवून, ठरलेल्या वेळी आणि त्यांचा माणूस हजर असतानाच करावं. 'लाइट गेलीय, तेवढ्यात उरकू' हा सगळ्यात घातक विचार आहे. गेलेली लाइट कधीही येते. शिवाय कुणाच्या घरातला जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडलेला असेल तर बंद दिसणाऱ्या तारेतही उलटा प्रवाह येऊ शकतो.

'फायबरमध्ये करंट नसतो' हे अर्धसत्य

फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. पण खांबावर टांगतात ती केबल नुसती काच नसते. तिचं वजन पेलण्यासाठी बऱ्याच केबलमध्ये पोलादी तार असते. ती तार एका ठिकाणी चालू वाहिनीला टेकली तर पुढच्या दहा खांबांवरचे क्लॅम्प आणि कुणाच्या तरी पत्र्याच्या छताला केलेली बांधणी, सगळीकडे प्रवाह पोहोचू शकतो. हात लावणाऱ्याला ते दिसतही नाही.

यावर उपाय म्हणजे धातूचा अंश नसलेली, स्वतःचं वजन स्वतः पेलणारी केबल. बाजारात ती एडीएसएस नावाने मिळते. किंमत जास्त आहे, पण विजेच्या खांबासाठीच ती बनवलेली असते. अर्जात केबलचा प्रकार लिहिताना हा मुद्दा स्पष्ट असावा.

उंचीचं गणित

लघुदाब वाहिनीसाठी साधारण ८ मीटरचा सिमेंटचा खांब वापरतात. त्याचा सहावा हिस्सा जमिनीत जातो. म्हणजे वर उरतात सुमारे साडेसहा मीटर. विजेच्या तारा वरच्या भागात असतात. सुरक्षा नियमांनुसार लघुदाब तार रस्ता ओलांडते तिथे जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि रस्त्याच्या कडेने जाते तिथे ५.५ मीटर उंच हवी. उच्चदाब तार रस्ता ओलांडताना ६.१ मीटर हवी.

फायबर विजेच्या तारांच्या खाली, पुरेसं अंतर सोडून बांधायची असते. वर अंतर राखायचं, खाली वाहनाला वाट द्यायची, आणि दोन खांबांच्या मध्ये केबलला येणारा झोल धरायचा. मालवाहू वाहनाची उंची कायद्याने ४ मीटरच्या आसपास असते. उसाने किंवा कडब्याने भरलेली ट्रॉली ही मर्यादा कितपत पाळते ते सगळ्यांना माहीत आहे. थोडक्यात, हातात फारच कमी जागा उरते. त्यात तीन-चार कंपन्यांच्या केबल आल्या, वर गुंडाळी करून ठेवलेली जादा केबल लटकवली, की वायरमनला शिडी लावायलाही जागा राहत नाही. वाकलेल्या किंवा तडा गेलेल्या खांबावर हा भार टाकणं तर वळवाच्या वाऱ्याला आमंत्रण देण्यासारखं आहे.

म्हणून रस्ता ओलांडण्याच्या प्रत्येक जागेचं माप अर्जातच द्यावं. जिथे उंची बसत नाही तिथे स्वतःचा उंच खांब किंवा जमिनीखालून पाइप, हा पर्याय आधीच ठरवावा. खोदाई करायची असेल तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर आधी सूचना द्यावी, म्हणजे पाण्याची किंवा दुसऱ्या कंपनीची लाइन तुटणार नाही.

खांबाशिवाय आणखी कुणाकुणाला विचारायचं?

खांबाची परवानगी मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. केबल ज्या जागेवरून जाते तिचाही मालक असतो.

• ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग : जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग.

• प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग : सार्वजनिक बांधकाम विभाग.

• राष्ट्रीय महामार्ग : तो ज्या यंत्रणेकडे आहे ती केंद्रीय यंत्रणा.

• गावठाणातले रस्ते : ग्रामपंचायत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील कलम ५३ नुसार रस्त्यावरचा अडथळा किंवा अतिक्रमण हटवण्याचा अधिकार तिला आहे.

• रेल्वे रूळ : रेल्वेच्या विभागीय कार्यालयाची स्वतंत्र परवानगी. इथे वेळ जातो, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी करावा.

• वनजमीन : वन विभाग. आदिवासी तालुक्यांसाठी एक उपयोगी तरतूद आहे. वनहक्क कायदा, २००६ मधील कलम ३(२) नुसार शाळा, अंगणवाडी, रस्ते यांच्याबरोबर वीज आणि दूरसंचाराच्या तारांसाठीही एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. त्यासाठी ग्रामसभेची शिफारस आवश्यक आहे आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडता येत नाहीत.

• शेत : खांब महावितरणचा असला तरी बांध शेतकऱ्याचा असतो. केबल ओढताना उभ्या पिकातून माणसं जातात. शेतमालकाशी आधी बोलून, नुकसानभरपाईसह लेखी ठरवून घ्यावं. पेरणीनंतरचं भांडण पेरणीआधीच्या एका कागदाने टळतं.

अर्जासोबत काय जोडावं?

परवान्याची किंवा अधिकारपत्राची प्रत; मार्गाचा नकाशा आणि त्यावर प्रत्येक खांबाचा क्रमांक; दोन खांबांमधलं अंतर; केबलचा प्रकार, जाडी आणि वजन; बांधणीची उंची दाखवणारं रेखाचित्र; काम किती दिवस व कोणत्या वेळेत चालेल; लोकांना होणारा त्रास कमी करण्याचे उपाय; कामगारांच्या सुरक्षेची साधनं आणि विमा; अपघात वा नुकसान झाल्यास जबाबदारी घेणारं हमीपत्र. खांबाला क्रमांक नसेल तर फोटो आणि मोबाइलवरचं ठिकाण जोडावं. शाखा अभियंत्यासोबत एकदा मार्ग पायी फिरून पाहिला तर अर्ज त्रुटीत निघण्याची शक्यता बरीच कमी होते.

पैसे किती?

केंद्राने २०२२ मध्ये नियमांत केलेल्या दुरुस्तीत खांबासारख्या रस्त्यावरच्या सुविधेवरून केबल नेण्यासाठी वर्षाला प्रति खांब १०० रुपये असा दर आला होता. उदाहरण म्हणून हिशेब पाहा. ६ किलोमीटरच्या मार्गावर दर ५० मीटरला एक खांब धरला तर १२० खांब होतात, म्हणजे वर्षाला १२ हजार रुपये. १०० जोडण्या असतील तर एका जोडणीमागे महिन्याला १० रुपये. प्रत्यक्ष करारातला दर, अनामत आणि वाढीची अट लेखी घ्यावी. तोंडी आकड्यावर धंद्याचं गणित मांडू नये.

या पैशात वीज ग्राहकाचाही वाटा आहे. वीज कायदा, २००३ मधील कलम ५१ नुसार वितरण कंपनी आपल्या मालमत्तेचा वापर दुसऱ्या व्यवसायासाठी करू शकते. त्यासाठी वीज नियामक आयोगाला आधी कळवावं लागतं आणि उत्पन्नाचा आयोगाने ठरवलेला हिस्सा वीज वहनाचा आकार कमी करण्यासाठी वापरावा लागतो. खांबाचं भाडं कागदावर आलं तरच हे घडतं. कुणाच्या तरी हातात दिलेले पाचशे रुपये ना कंपनीला मिळतात, ना ग्राहकाला, आणि केबलला त्यातून संरक्षणही मिळत नाही.

विजेच्या खांबांवरून गावोगाव फायबर नेता येते, हे इतर राज्यांनी दाखवलं आहे. आंध्र प्रदेशने आपलं फायबर जाळं मोठ्या प्रमाणात विजेच्या खांबांवरूनच उभारलं. केरळच्या के-फॉन प्रकल्पात तिथलं वीज मंडळच भागीदार आहे. जून २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं.

आधीच टांगलेल्या केबलचं काय?

जिल्ह्याजिल्ह्यांत खरा पेच इथे आहे. अशा चालकांनी केबल कापली जाण्याची वाट पाहू नये. आधी स्वतःची यादी करावी, कोणत्या खांबावर किती केबल, कोणती वापरात आणि कोणती मेलेली. मेलेली केबल स्वतःहून, महावितरणला कळवून उतरवावी. उरलेल्या केबलवर ठराविक अंतराने कंपनीचं नाव आणि संपर्क क्रमांकाची पट्टी लावावी. मग त्याच यादीवर रीतसर अर्ज करावा.

ग्रामपंचायतीने गावातल्या सगळ्या केबल चालकांची नोंदवही ठेवावी आणि गणेशोत्सव, यात्रा, ऊस हंगाम यांच्या आधी महावितरण व चालकांसोबत मिरवणुकीचा आणि ट्रॉलीचा मार्ग पाहून घ्यावा. खाली आलेली केबल वर घ्यायला अर्धा तास लागतो.

ग्राहकांनीही जोडणी घेताना एक प्रश्न विचारावा, 'खांबाची परवानगी आहे का?' आणि तुटून पडलेली केबल, मग ती टीव्हीची असो की इंटरनेटची, हाताने किंवा काठीने बाजूला करू नये. ती कशाला टेकली आहे हे खालून कळत नाही. मुलांना, गुरांना लांब ठेवावं आणि महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावं.